त्यांचं जेवण

अंबुजाक्का मला पहिल्यांदा भेटल्या त्या लिफ्टमध्ये, हातात झाकणाची बादली घेऊन. अड्यारच्या एका संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून मी नुकतीच चेन्नईला आले होते आणि पेरुंगुडीतल्या या इमारतीत भाड्याने राहत होते. फोनवर आईशी बोलत मी लिफ्टमध्ये शिरले. माझा फोन संपेपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तूं मराठी काय गे? मग बरं झालं. मी खालीं जात्यें, त्यांस जेवण घेऊन. काल अर्धं टाकून दिलं त्यांनीं."

त्यांचं मराठी तंजावरकडचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं. एखादा जुना दस्तऐवज तमिळ हेल काढून वाचावा तसं ते कानाला लागे. 'त्यांस' म्हणजे यजमान असणार, असं मी धरलं. "वय झालं असेल," मी म्हणाले.

"वय झालंच. पण भूक आहे गे. तोंडांत घेतात, चावतात, टाकून देतात. वाळून काठी झाले."

"मऊ भात देऊन बघा ना, वरण कालवून."

लिफ्ट तळमजल्यावर थांबली होती. अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि त्या इतक्या हसल्या की बादलीची कडी वाजायला लागली. "मऊ भात! घोड्यास!"

इमारतीच्या मागे, भिंतीच्या आत, बांधकामातून उरलेली एक मोकळी जागा आहे. वेडी बाभूळ, शहाळ्यांची टरफलं आणि एक गंजकं फाटक. तिथे राजा बांधलेला असे. आयुष्यभर समुद्रकिनाऱ्यावर मुलांना पाठीवर घेऊन फिरलेला पांढरा घोडा. त्याचा मालक सेल्वम हा आमच्या वॉचमनचा मेहुणा. घोडा म्हातारा झाला, बरगड्या दिसायला लागल्या, त्याच्यावर कुणी बसेना, तेव्हा सेल्वमने त्याला इथे आणून बांधला आणि तो निघून गेला. डोळ्यांच्या वर खळगे, पाठीचा कणा वर आलेला, ढुंगणाची हाडं कातड्याखालून खुंट्यांसारखी. इमारतीतल्या सगळ्या खिडक्यांतून तो दिसायचा. खाली उतरल्या त्या फक्त अक्का.

त्या बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. रागीट म्हणून इमारतभर प्रसिद्ध होत्या आणि ती प्रसिद्धी त्यांना मान्य होती. "राग यावा गे," त्या म्हणायच्या, "पण कामाचा यावा. सुम्मा, उगीच येणारा राग म्हणजे नुसता गॅस." मी महाराष्ट्रातून आलेली, म्हणून मला कायम टोमणा असे: "आम्ही घोड्यावरून आलों. तुम्ही रेल्वेनें आलांत." खरं तर त्यांच्या घरात वडील, आजोबा, पणजोबा सगळे कचेरीत कारकून. घोड्याला हात लावलेलं माणूस कुणाच्याच आठवणीत नव्हतं. पण घोडदळाबरोबर दक्षिणेत आलेल्यांचे आपण वंशज, हा अभिमान त्या घरात देव्हाऱ्यासारखा होता, आणि त्या अभिमानाबरोबर घोड्याविषयी एकच ज्ञान खाली उतरलं होतं: घोड्यास कोल्लू द्यावे. कोल्लू म्हणजे हुलगे.

तेव्हा अक्का रोज हुलगे भिजवून न्यायच्या, वर पेंढा. राजा बादलीत तोंड घालून अधाशासारखा खायचा, आणि वाळतच चालला होता. त्याच्या पायांशी ओल्या पेंढ्याचे चघळलेले बोळे पडलेले असत. अक्का ते झाडून काढायच्या आणि रागवायच्या. "नखरे पाहा यांचे! किनाऱ्यावर पोरांच्या हातचं खाऊन जीभ लाडावली." राग त्याच्यावर, पण रागवतानाही 'अहो'च. मी एकदा विचारलं, घोड्याला अहोजाहो का? त्या म्हणाल्या, "वयानें मोठे आहेत ते. घोड्याचं वय तसंच मोजायचं असतं."

शेवटी त्यांनी घोड्यांची डॉक्टर आणली. कमी बोलणारी बाई. तिने राजाचं तोंड लोखंडी कडीने उघडं धरलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि अक्कांना बोलावून टॉर्चच्या उजेडात दाखवलं. दाढा झिजून गुळगुळीत झालेल्या, एक पडलेली, एकीची कड चाकूसारखी वाढून गालात रुतलेली, गालाला जखम. मग तिने बुटाच्या टोकाने लीद पसरली. लीदेत हुलगे होते, अख्खे, जसेच्या तसे.

"तो खातोय," डॉक्टर म्हणाली. "त्याच्या अंगी लागत नाहीये. चावताच येत नाही त्याला. ते बोळे म्हणजे नखरे नाहीत, अम्मा. गिळता येत नाही म्हणून टाकतो."

अक्कांनी वाकून लीदेतला एक हुलगा उचलला. मग त्यांचा जो आवाज चढला, त्याने भिंतीवरचे कावळे उडाले. "तीनशें वर्षें! तीनशें वर्षें कोल्लू, कोल्लू म्हणत बसलों! कोणी एकानें तोंड उघडून पाहिलं नाहीं!" मग सेल्वमवर. या जखमेवर त्याने लगाम चढवला असणार, रोज, वर्षानुवर्षं. आणि मग माझ्याकडे वळून, तितक्याच रागाने: "तूं पहिल्या दिवशींच सांगितलंस, मऊ भात. मी हसलें. आतां तूं हंस."

मी झाडू घेऊन राजाच्या पायांशी पडलेले बोळे गोळा करायला लागले.

डॉक्टरने दाढा कानशीने घासून सपाट केल्या, जंताचं औषध दिलं आणि बजावून सांगितलं की उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम पोटभर घालायचं नाही. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, सगळं मऊ आणि ओलं. अक्कांनी आपला इडलीचा ग्राइंडर राजाला देऊन टाकला. शिजवलेले हुलगे त्यात वाटायचे, गव्हाचा कोंडा भिजवून कालवायचा, चिमूटभर मीठ, पुढे पुढे थोडं तेल. गवत बारीक कापून पाण्यात बुडवून ठेवायचं. "इडली आतां हॉटेलांतून," त्या म्हणाल्या. "घरीं वाटण फक्त त्यांचं." ग्राइंडरचा आवाज होतो, जिन्यात कोंडा सांडतो, लिफ्टला वास येतो, अशा तक्रारी असोसिएशनच्या सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर लावल्या. अक्का प्रत्येक नोटीस उभ्याने वाचायच्या आणि बादली घेऊन लिफ्टमध्ये शिरायच्या.

तक्रार करणारे हेच लोक शनिवारी राजाला केळी आणि गोड पोंगल भरवायला यायचे, कपाळाला कुंकू लावून फोटो काढायचे. माट्टुपोंगलच्या दिवशी, गुराढोरांचा सण म्हणून, कुणीतरी त्याला उसाचे करवे दिले. चोथा घशात अडकला. नाकातून हिरवट लाळ गळायला लागली, मान ताणून तो खोकत राहिला. डॉक्टर येऊन नळीने घसा मोकळा करेपर्यंत अक्का त्याच्या मानेला हात लावून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या फाटकात खुर्ची टाकून बसल्या. प्रसादाचं ताट घेऊन येणाऱ्या बाईला म्हणाल्या, "पुण्य हवें तर देवळांत जा मा. इथें पोट आहे, दानाची उंडी नाहीं."

हळूहळू राजा भरला. आधी मान, मग पाठ. बरगड्या दिसेनाशा झाल्या, फक्त हाताला लागत. ढुंगणावरचे खळगे बुजले. एका सकाळी तो कारण नसताना चार पावलं दुडक्या चालीने धावला, तेव्हा अक्का तोंडावर पदर धरून हसल्या.

आणि सेल्वम आला. खांद्यावर जरीची लाल झूल. आडी महिना संपून आवणी लागला होता. आडीत तमिळ लोक लग्नं करत नाहीत, आवणीत मुहूर्तांची झुंबड असते, आणि हल्ली तिथल्या नवरदेवांनाही वरातीला पांढरा घोडा हवा असतो. त्याने राजाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, "अम्मा, छान भरला!" म्हणाला आणि त्याला घेऊन गेला. डॉक्टरने आधीच बजावलं होतं की याच्या पाठीवर आता माणूस बसवायचा नाही. मध्ये एकदा आलेल्या सेल्वमने तिच्यासमोर होकारार्थी मान हलवली होती. पोलीस चौकीत अक्कांना विचारलं, "घोडा त्याचाच आहे ना? मग?" सेक्रेटरी म्हणाले, मालकीची गोष्ट आहे, आपण मध्ये पडू नये.

पुढच्या आडीत सेल्वमने राजाला परत आणून बांधला. पुन्हा तोच सांगाडा, पाठीवर खोगिराने सोललेलं. सायकल हवा भरायला द्यावी तसा तो म्हणाला, "अम्मा, पुन्हा भरा."

मी अक्कांचे अनेक राग पाहिले होते. त्या दिवशी त्यांनी फक्त त्याची सोललेली पाठ धुऊन हळद लावली. संध्याकाळी माझ्याकडे येऊन जमिनीवर बसल्या. "भरले तर हा नेतो. न भरले तर मरतात. मी करावं काय? तूं एवढीं पुस्तकं सांभाळत्येस, कुठें लिहिलंय का?"  मग त्या स्वतःच उठल्या. "भरायचं. उपाशीं ठेवून वांचवणं, हें वांचवणं नव्हे. त्याला फाटकांत अडवीन."

फाटकात अडवायला त्या उरल्या नाहीत. आडीतच, दुपारी ग्राइंडर धुताना छातीत कळ आली. दवाखान्यात त्यांच्यापुढे दहीभाताची पेज ठेवली होती. त्यांनी चमचा बाजूला सारला. "शेवटीं मऊ भात मलाच आला," म्हणाल्या, आणि मग, "जेविले का ते?" मी म्हणाले, जेवले. "तूं वाटलंस? बारीक?" बारीक वाटलं, म्हणाले. "मग इथें काय सुम्मा बसल्येस? जा. पुढचं जेवण आहे." हे आमचं शेवटचं बोलणं.

हे लिहिताना मला राग येतो आहे, आणि तो विरून जाऊ नये म्हणून मी सावकाश लिहिते आहे. चेन्नईत कुणी गेलं की श्रद्धांजलीचं पोस्टर लागतं, फोटो आणि खाली शोक करणाऱ्यांची नावं. अक्कांचं पोस्टर आमच्या भिंतीवर, मागच्या फाटकाशेजारीच लागलं. असोसिएशनतर्फे. 'मुक्या जिवांची माउली' असं वर लिहिलेलं, आणि खाली सेक्रेटरींचं नाव, अक्कांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. ग्राइंडरच्या आवाजाची नोटीस तेव्हाही आत बोर्डावर होती. माउली म्हटलेलं अक्कांना खपलं नसतं. त्या चिडलेल्या होत्या, आणि त्या चिडण्यावर एक घोडा जिवंत होता.

आवणी लागला. सेल्वम सकाळी आला, खांद्यावर लाल झूल. मी आत होते, बादली धरून, फाटकाची कडी आतून लावलेली.

"मॅडम, फाटक उघडा."

माझं तमिळ पुस्तकावरून शिकलेलं. त्यात मला आदराचीच रूपं येतात. मी म्हणाले, "अवर साप्पिड्रार." ते जेवताहेत.

सेल्वमने मागे पाहिलं, मग माझ्या पलीकडे पाहिलं. "कोण?" त्याला कुणी म्हातारे गृहस्थ दिसेनात. मी राजाकडे बोट केलं. नाकपुड्यांपर्यंत कोंडा माखून ते बादलीत होते. सेल्वम हसला आणि फाटकावरून हात घालून कडी चाचपू लागला.

सेक्रेटरी ऑफिसला निघाले होते. मी त्यांना हाक मारली. ग्रंथालयात हळू बोलायची सवय लागलेली मी, असा आवाज माझ्यात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. सगळ्या बाल्कन्यांत माणसं आली. मी म्हणाले, "सर, या पोस्टरवर शोक करणाऱ्यांत पहिलं नाव तुमचं आहे. शोक असेल तर इथे फाटकाशी येऊन उभे राहा. नसेल तर पोस्टर काढा. आत्ता, माझ्यासमोर, नखांनी."

त्यांनी वर बाल्कन्यांकडे पाहिलं, पोस्टरकडे पाहिलं. मग खांद्यावरची बॅग सावरत ते आले आणि सेल्वम नि फाटक यांच्या मधल्या जागेत उभे राहिले. त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "आज नाही. डॉक्टरांनी मनाई केलीय."

"मग मी थांबतो," सेल्वम म्हणाला. "जेवण किती वेळ चालतं?"

"त्यांना दात नाहीत," मी म्हणाले. "वेळ लागतो."

ऊन चढलं. सेल्वमने झूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. बादलीतून चाटण्याचा आवाज येत राहिला. शेवटी तो वळला. "पुन्हा येईन, मॅडम."

"या," मी म्हणाले. "ते जेवत असतील."