घराबाहेरच्या रात्री

घराबाहेर कसं झोपायचं याचे नियम नागूबाईनं स्वतः केले नव्हते. ते व्यंकटच्या हॉटेलात ठरले. माकणीच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि दिवसभर उकळणारा चहा. पण गावातल्या कुठल्याही गोष्टीचा निकाल तिथंच लागायचा. नागूबाईचा नवस साधा होता. पोरगा परत येऊन तिच्या घरात छपराखाली झोपेपर्यंत तिनंही छपराखाली पाठ टेकायची नाही. अणदूरच्या खंडोबापुढं ती हे बोलून आली आणि त्या दिवसापासून अंगणात बाज टाकून झोपू लागली.

पहिल्या पावसाळ्यात तिनं चार काठ्या रोवून बाजेवर ताडपत्री बांधली. व्यंकटनं विचारलं, ताडपत्री म्हणजे छप्पर नाही तर काय? बाकड्यावरच्या चार जणांनी माना डोलावल्या आणि नागूबाईनं ताडपत्री सोडली. मग छत्रीचा प्रश्न निघाला. छत्री हातात असते, हलते, म्हणून ती चालेल असं ठरलं. छत्री धरून झोपता येत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि मजा वाटली. पावसाळाभर बाई पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन कडुलिंबाच्या बुडाशी बसून रात्र काढायची. कडुलिंबावरही एकदा चर्चा झाली होती. झाड माणसानं बांधलेलं नाही म्हणून ते सुटलं.

आमच्या भागात बाहेर झोपण्याचं तसं कुणाला नवल नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर अर्धं गाव दोन-दोन वर्षं उघड्यावर झोपत होतं. नागूबाईचं घरसुद्धा पुनर्वसनात मिळालेलं, दोन खोल्यांचं. त्यामुळं परगावच्या पाहुण्यांना वाटायचं, या बाईची भूकंपाची भीती जरा उशिरा उगवली. भीतीबिती काही नव्हती. तिच्या हातून एक गोष्ट घडली होती आणि ती वाईट होती. ती इथं झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

नवरा गेला तेव्हा श्रीनाथ सहा वर्षांचा होता. तीन एकर कोरडवाहू, वर लोकांच्या रानात खुरपणं, यावर तिनं त्याला वाढवलं. वाढवलं म्हणजे जेवू घातलं आणि टोचून टोचून बोलली. तिच्या जिभेला धार होती आणि घरात दुसरं कुणीच नव्हतं. बारावीचा निकाल लागला, श्रीनाथ दोन विषयांत नापास झाला. नागूबाईनं सगळ्या गल्लीदेखत त्याचं अंथरूण अंगणात फेकलं आणि सांगितलं, पास झाल्याबिगर ह्या छपराखाली झोपायचं न्हाय. रात्री दोनदा दार वाजलं. पोरगा पाणी मागत होता. ती जागी होती. तहानेनं जरा अक्कल येईल असं तिला वाटलं आणि तिनं कूस बदलली. सकाळी अंथरूण घडी घालून ओट्यावर ठेवलेलं होतं, पोरगा नव्हता. दार वाजल्याचं तिनं फक्त शेजारच्या शांताक्काला सांगितलं, तेही दोन वर्षांनी.

सुरुवातीला तिला धीर होता. अणदूरचा देव वर्षातून नळदुर्गाला जातो आणि पुन्हा अणदूरला येतो. देव येतो तर पोरगा का येणार नाही, असं ती म्हणायची. सहाव्या वर्षी व्यंकटनंच श्रीनाथला मोबाईलवर शोधून काढलं. तो पुण्यात होता, धडधाकट होता, कमावत होता. येत तेवढा नव्हता. हरवलेल्या पोराच्या आईला गावात थोडा मान असतो, नागूबाईचा तोही त्या दिवशी गेला. व्यंकटनं नंबर मिळवून फोन लावून दिला, तर पलीकडून बंद झाला. पुन्हा लावायचं तिनं धाडस केलं नाही.

पुढं श्रीनाथनं लग्न केलं आणि नोकरी सोडून एक लांबलचक गाडी घेतली. आत पलंग, एसी, फ्रिज, शेगडी, बेसिन, संडास, सगळं. नवरा-बायको त्या गाडीतून देशभर हिंडायचे आणि व्हिडिओ टाकायचे. लाखभर लोक ते बघायचे. मग त्यानं एक पण जाहीर केला, तीनशे पासष्ट रात्री घराबाहेर. कुठल्याही घराच्या छपराखाली एकही रात्र झोपायचं नाही. रोज रात्रीचा आकडा टाकायचा. बघणाऱ्यांत भांडणं लागली. एसी लावून, गादीवर लोळून कसलं कॅम्पिंग करता, तंबू ठोका, जमिनीवर पडा, असं लोक लिहायचे. श्रीनाथ उत्तर द्यायचा की घरात झोपत नाही तोवर ते कॅम्पिंगच.

व्यंकट हे सगळं नागूबाईला वाचून दाखवायचा. कॅम्पिंग म्हणजे काय, असं तिनं विचारलं. घर असून माणसं हौसेनं बाहेर झोपतात, त्याला म्हणतात, असं त्यानं सांगितलं.

"मग म्या काय करायलेय?" नागूबाई म्हणाली.

हॉटेलातली माणसं पोट धरून हसली. व्यंकटला ते इतकं आवडलं की त्यानं बाजेवर झोपलेल्या बाईचा फोटो काढून श्रीनाथच्या व्हिडिओखाली टाकला आणि खाली लिहिलं, ही बघा तुमची आई, अकरा वर्षं बाहेर. आठ दिवसांत श्रीनाथचा फोन आला, येळवसेला, म्हणजे गाव रानात जेवायला जातं त्या हिवाळ्यातल्या अवसेला, येतो म्हणून. फोटोचं नागूबाईला कुणी सांगितलं नाही. तिला वाटलं, देव पावला.

देवानं पावायला उशीरच केला होता. त्या हिवाळ्यात तिचा दमा इतका वाढला की चार पावलं चाललं की ती भिंत धरायची. लोहाऱ्याच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की उरलेली थंडी अशीच बाहेर काढली तर पुढचा पाडवा दिसणार नाही. ती म्हणाली, येळवसेपत्तूर थांबा, मग आतच झोपायचंय. तिनं दोन्ही खोल्यांना चुना दिला. उधारीवर नवी गादी आणली, तिच्यावर धुतलेली चादर घातली आणि कुणी बसू नये म्हणून दाराला कडी लावून ठेवली.

गाडी आली ती येळवसेच्या दिवशी दुपारी. गाव रानातून जेवून परतत होतं, त्यामुळं माणसं आयती जमली. श्रीनाथ उतरला, पाया पडला आणि म्हणाला, "कशी आहेस, आई?" गेला तेव्हा तो तिला माय म्हणायचा. सून हर्षाली एका हातानं पाया पडली, दुसऱ्या हातात काठीला लावलेला मोबाईल होता. नागूबाईनं सणाची भज्जी-आंबील वाढली. दोघांनी ताटं गाडीत नेऊन खाल्ली, कारण तिथं उजेड चांगला होता. हर्षाली वाईट नव्हती. तिनं सासूला हात धरून गाडीत चढवलं, फ्रिज उघडून दाखवला, नळ सोडून दाखवला. बटण दाबताच दिवा लागला तेव्हा नागूबाई हसली आणि मग तिला खोकल्याची उबळ आली.

दिवस मावळायला तिनं पोराला घरात नेलं, कडी काढली आणि गादी दाखवली. श्रीनाथनं खोलीचा व्हिडिओ घेतला, चुन्याच्या भिंतींना छान म्हणाला आणि बाहेर आला. आजची त्याची तीनशे एक्कावन्नावी रात्र होती. चौदा रात्री उरल्या होत्या. आत झोपलो तर सगळं मोडेल, असं त्यानं आईला नीट समजावून सांगितलं.

"एकच रात, श्रीनाथा. न्हाईतर नुस्तं घडीभर पड. तुजा डोळा लागला की झालं."

"आई, लोक माझ्यावर विश्वास ठेवतात. त्यांच्याशी खोटं कसं बोलू?"

असं सत्यवचनी पोर पोटी आलं याचा कुठल्याही आईला अभिमान वाटला असता. पण चौदा रात्रींनंतर ये, असं म्हणायचंही नागूबाईला सुचलं नाही. तिनं विचारलं असतं तरी त्यानं बघू म्हटलं असतं.

गाडी बघायला व्यंकट आलाच होता. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावर थाप मारून बघितली आणि जमलेल्या माणसांपुढं निकाल दिला. गाडीला छप्पर आहे. गाडी नागूबाईच्या अंगणात आहे. अंगण घराचंच. म्हणजे पोरगा घरी येऊन छपराखाली झोपला, नवस फिटला. अकरा वर्षांत त्याच्या तोंडून बाईच्या बाजूनं निघालेला हा पहिला निकाल. नागूबाईनं शांताक्काकडं बघितलं. शांताक्का म्हणाली, जा आत, लई झालं. गाडीतला दिवा मालवला आणि ती आत गेली. नव्या गादीवर नाही, ती पोराची होती. ती खाली सतरंजीवर आडवी झाली. भिंतीला पाठ लावून ती झोपली आणि कितीतरी दिवसांनी तिला खोकल्यानं उठवलं नाही.

उठवलं श्रीनाथनं. पहाटेच्या उजेडात आई बाजेवर झोपलेली हवी, त्यासाठी तर तो आला होता, आणि बाज रिकामी होती.

"आई, बाहेर ये. ऊन यायच्या आत बाजेवर झोप."

"आता न्हाय झोपायचं बाहीर. नवस फिटला की. तू झोपलास न्हवं छपराखाली, आपल्या अंगणात? व्यंकट मनला."

श्रीनाथनं मनात हिशेब केला. आईला एक रात्र द्यायची तर त्याच्या तीनशे एक्कावन्न जात होत्या.

"गाडी म्हणजे घर नाही, आई. मी बाहेरच झोपलो. मग तुझा नवस कसा फिटेल?"

नागूबाईनं वाद घातला नाही. नियम नेहमी दुसऱ्यांनीच सांगितले होते, हाही एक. ती उठली, सतरंजीची घडी घातली, बाहेर येऊन बाजेवर पडली. डोळे मीट, असं त्यानं सांगितलं. तिनं मिटले. बाजेशेजारी उभा राहून तो मोबाईलकडं बघत मोठ्यानं बोलू लागला. मित्रांनो, तुम्ही विचारता खरं कॅम्पिंग कुठलं, तर हे बघा. मला कॅम्पिंग आईनंच शिकवलं. माझी पहिली रात्र याच अंगणात झाली, दाराबाहेर. दोनदा पाणी मागितलं होतं, मिळालं नाही. तो छान हसला. डोळे मिटलेल्या बाईचा चेहरा हलला नाही, म्हणून पुन्हा घ्यावं लागलं नाही.

दुपारी ते गेले. जाताना हर्षालीनं तिच्या हातात एक जाड ब्लँकेट दिलं. व्यंकट सांगायला आला की आपला निकाल कायम आहे, पोरगा काहीही म्हणो, तू आत झोप. नागूबाई म्हणाली, "पोरगं घरी आलंच न्हाय, व्यंकट. ते कॅम्पिंगला आलतं." त्या रात्री ती पुन्हा बाजेवर झोपली. शांताक्का भांडली, रडली, एकदा तर बाजच उचलून आत घेऊन गेली. नागूबाई अंगणात जमिनीवरच आडवी झाली.

चौदा रात्रींनी श्रीनाथचा पण पुरा झाला. तो त्यानं एका मोठ्या हॉटेलात, पोहण्याच्या तलावाकाठी साजरा केला. गावानं ते मोबाईलवर बघितलं. आईचा व्हिडिओ त्याच्या सगळ्या व्हिडिओंत जास्त चालला. माघ संपता संपता एका सकाळी शांताक्का चहा घेऊन गेली, तर नागूबाई बाजेवर गार पडली होती. शांताक्काला तिला आत न्यायचं होतं, निदान आंघोळ तरी घरात घालावी म्हणत होती. गावातल्या मर्तिकाचं सगळं व्यंकटच बघायचा. त्यानं सांगितलं, बाहेर गेलेलं माणूस घरात घेत नसतात.

श्रीनाथ संध्याकाळपर्यंत आला, गाडी घेऊनच. अग्नी दिल्यावर घरात दिवा लागला आणि व्यंकटनं रीत सांगितली की कर्त्यानं दहा दिवस घराबाहेर झोपायचं नाही. श्रीनाथनं खोलीत डोकावून बघितलं. डास होते, फरशी गार होती. त्यानं विचारलं, गाडीत झोपलं तर चालेल का? गाडी अंगणातच आहे. शिवाय आता तेच त्याचं घर होतं, पुण्यातला फ्लॅटसुद्धा त्यानं सोडला होता.

व्यंकट म्हणाला, चालतंय. गाडी म्हणजे घरच, हे तो पहिल्यापासून सांगत आला होता.

"येळवसेला तूच मनलास, गाडी घर न्हाय," शांताक्का श्रीनाथला म्हणाली.

"काकू, तेव्हा वेगळं होतं."

दहा दिवस श्रीनाथ गाडीत झोपला. घरात दिव्यापाशी कुणीतरी हवं म्हणून शांताक्का तिथं झोपली. चौदाव्या दिवशी त्यानं घराला कुलूप लावलं, किल्ली तिच्याकडं दिली आणि गाडी काढली. त्या छपराखाली तो एकही रात्र झोपला नाही.