कुंभिवलीच्या चंद्राबाई कॅनडाला जातात

कुंभिवलीपासून खोपोलीपर्यंत चंद्राबाईंच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली पोरं गोळा केली, तर एक शाळा भरेल. तीस वर्षं त्यांचं काम एकच, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. उजाडताच खोपोली गाठायची, कॉलनीतली चार घरं करायची, अंग रगडायचं, शेक द्यायचा, ओव्याची धुरी द्यायची आणि दुपारी परत. कितीही रडवं पोर असो, दोन तांब्यांत गप्प! ही बढाई त्या स्वतःच मारायच्या आणि ती खोटी नव्हती.

नवरा श्रीपत गेल्यावर मुलगा सुमित मागेच लागला, "आई, आता कॅनडाला ये. कायमची."

"तिकडं येऊन मी करू काय रं? खुर्चीत बसून भिंती बघू?"

आयतं खाणारी माणसं चंद्राबाईंना मुळीच आवडत नसत आणि आपलं तसं होईल ही त्यांची खरी धास्ती होती. चार वर्षं त्यांनी दाद दिली नाही. मग सून रूपाला दिवस गेले आणि जायला कारण मिळालं. गावभरच्या बाळंतिणी निभावल्या आणि घरच्या नातवंडाला दुसऱ्या कुणाचा हात? छे!

पण व्हिसाच्या कचेरीला बाळंतपणाची घाई कोण सांगणार? कागद हातात पडले तेव्हा नात चार महिन्यांची होऊन पालथी पडायला लागली होती. सुमितच तिला टबात आंघोळ घालत होता. धुरीचा विषय काढला तर म्हणाला, "इथं घरात धूर झाला की भोंगा वाजतो, आई." चंद्राबाईंनी फोन ठेवला आणि बॅगेतला ओवा निमूटपणे काढून शेजारच्या बायजाला देऊन टाकला. घर आधीच भाड्याने दिलेलं, मागे फिरायची सोय नव्हती. बुद्धवंदना घेऊन, सगळ्या आळीला जय भीम करून त्या गाडीत बसल्या.

आईला इंग्रजी येत नाही म्हणून सुमितने परदेशातल्या विमानतळांवर चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती. खुर्ची ढकलणारं माणूस थेट विमानाच्या दारापर्यंत नेतं, चुकायची भीती नाही. पोरांकडे निघालेल्या कितीतरी आया याच युक्तीने पोचतात. चंद्राबाईंना मात्र हे कुणी नीट समजावलं नव्हतं. दुबईला विमान बदलताना पन्नाशीची एक नेपाळी बाई खुर्ची घेऊन पुढ्यात उभी राहिली आणि यांचं डोकंच फिरलं.

"मैं लंगडी है क्या?"

"माताजी, बहुत दूर है," ती हसून म्हणाली.

"दूर है तो तेरे को भी दूर है," असं म्हणून चंद्राबाईंनी खुर्चीत आपली पिशवी बसवली. सरकते जिने, अत्तराची दुकानं, न संपणारे काचेचे बोळ. पाऊण तास दोघी खुर्चीसोबत चालत राहिल्या. पिशवी तेवढी राणीसारखी गेली.

पुढे चौदा तास पाय लोंबकळत ठेवून बसणं. टोरांटोला उतरल्या तेव्हा सुजेने चपलेचा पट्टा लागेना. तिथेही खुर्ची आली, तिथेही या चालल्या. मग गाडीत दीड तास. घराच्या पायऱ्या चढताना मात्र सुमितचा खांदा धरावा लागला. आल्या आल्या पोराला ओझं झालो, या विचाराने त्यांना रडूच आलं.

रूपाने लेक नवऱ्याकडे दिली, टबात ऊन पाणी आणलं, मीठ टाकलं आणि खाली बसून सासूचा पाय मांडीवर घेतला.

"अगं, ऱ्हाऊ दे. सुनेकडनं पाय चेपून घ्यायला आले का मी?"

"मग कशाला आलात?"

चंद्राबाई मग खरं ते बोलल्या. "काम व्हतं म्हनून निघाले गं. आता काम बी नाय ऱ्हायलं."

रूपा टाच चोळत राहिली. मग सुमितला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणाली, "बाळाला न्हाऊ घालायला हे होते, आई. हे कामावर गेले की मी दिवसदिवस रडत बसायची. यांना सांगितलं नाय. फोनवर तुमाला पण नाय सांगितलं."

चंद्राबाईंनी पाय ओढून घेतला नाही. सुमितला त्यांनी पोरीला घेऊन आतल्या खोलीत जायला सांगितलं आणि रूपाच्या डोक्यावर हात ठेवला.

"सांग आता," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवसापासनं सांग. मी कुटं जात नाय."