चाकण बदला, चाकणकर नको

चिंचवडच्या आमच्या छोट्या ऑफिसात एका कारखान्याच्या वेबसाइटचं काम होतं. कारखान्याने चाकणचं युनिट कुरुळीला हलवलं होतं, सोमवारच्या पहिल्या शिफ्टपासून काम नव्या जागी. साइटवरच्या सूचनांत ‘चाकण’च्या जागी ‘कुरुळी’ करायचं, एवढंच. साइट ज्या संगणकभाषेत लिहिली होती, त्या पीएचपीत एका ओळीचं काम. शुक्रवारी दुपारी मी ते चाचणीच्या पानावर चालवलं आणि कारखान्याच्या बसचं बघणाऱ्या सुपरवायझरांना लिंक पाठवली.

लगेच फोन आला. “ताई, आमच्या बाया चालत यायच्या व्हय?”

“का हो, भाऊ?”

“वाचा की. ‘कुरुळीकरांसाठी बस सकाळी चौकातून सुटेल.’ कुरुळीकर कंपनीच्या भिंतीला लागून राहत्यात, त्यांना कशाला बस? आन् चाकणच्या बाया हे वाचून घरीच बसतील. पहिल्याच दिवशी लाइन बंद.”

मूळ सूचना ‘चाकणकरांसाठी’ होती.

“हातानं दुरुस्त करा की,” ते म्हणाले.

“नाही. हातानं केलं की एखादी सूचना राहतेच. बदलाचा नियमच सुधारते.”

मी साइटवरची ‘चाकण’ची सगळी रूपं एकाखाली एक काढली. चाकणला, चाकणहून, चाकणमध्ये, चाकणच्या, चाकणकरांना. फक्त सुटा शब्द बदलायचा म्हटलं, तर ‘चाकणला’ जुनंच राहणार. मराठीत शब्दाला शेपूट चिकटलेलं असतं. म्हणून उलट विचार केला: सगळं बदलायचं, फक्त पुढे ‘कर’ आला तर हात लावायचा नाही. `/चाकण(?!कर)/u` असा नियम लिहिला. कंसातला भाग पुढे डोकावतो आणि ‘कर’ दिसला की तो शब्द सोडून देतो.

बसची सूचना बरोबर आली. तरी मी जुनं आणि नवं शेजारी ठेवून वाचत गेले. ‘चाकणकरिता नवे गेट पास’ तसंच राहिलं होतं. तिथेही ‘कर’ होताच. मग अपवादाला अपवाद जोडला: ‘कर’नंतर ‘िता’ असेल तर बदल. `/चाकण(?!कर(?!िता))/u`. पुन्हा चालवलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि मगच खरं पान बदललं.

सोमवारी सकाळी सुपरवायझरांचा फोन. “बस भरून आली, ताई. काही बाया तर उभ्यानं आल्या. आता दुसरी गाडी लावतोय, त्याची सूचना टाका.”

“कोणासाठी लिहू?”

“चाकणकरांसाठी. आन् ह्याच्यावर तुमचा तो नियम चालवू नका.”

“चालवणार,” मी म्हटलं. “आता तो चाकणकरांना ओळखतो.”