'कंपनी' या शब्दातला पाव

'कंपनी' हा शब्द आपल्याकडे आता इंग्रजी राहिलेला नाही. मुलगा कंपनीत लागतो. एकट्याला चहा जात नाही म्हणून आपण शेजाऱ्याला 'जरा कंपनी दे' म्हणतो. दोन्ही अर्थांचं मूळ एकच. लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव. एकत्र पाव खाणारे ते सोबती, त्यांचा मेळा ती कंपनी. आपला 'पाव'ही त्या 'पानिस'चाच, पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला.

हे मी पहिल्यांदा सांगितलं ते अंधेरीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात, शेजारी बसणाऱ्या टायपिस्टला. स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. तो मनोरीचा ख्रिस्ती. रोज होडीने खाडी ओलांडून यायचा. पत्रांचे मसुदे करायला साहेबांनी मला जाडजूड डिक्शनरी दिली होती. तिच्यात काही सापडलं की त्याला ऐकवायची मला खोड होती.

तो खूश झाला. डबा उघडून आईने भाजलेला पाव त्याने मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.

"मग आपली कंपनीच की रं! घे."

पाव खाल्ला की माणूस बाटतो, हे ऐकत मी वाढलो होतो. मित्रांत त्यावर हसायचोही. पण हात पुढे होईना. म्हणालो, "आज उपास आहे रे."

पुढे तो विचारत राहिला आणि मी उपास काढत राहिलो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी.

"तुमचे देव लय कडक," तो म्हणायचा. मग एके दिवशी त्याने उघडलेला डबा परत बंद केला. "तू उपाशी नि मी जेवू? नाय जमायचा. मीपण उपाशी. कंपनी देतो तुला."

आणि खरंच दिली. संध्याकाळपर्यंत नुसत्या पाण्यावर टाइप करत बसला. त्यानंतर माझ्या प्रत्येक उपासाला तो असाच राहू लागला.

मी मात्र मागच्या स्टेशनरीच्या खोलीत जाऊन पोळीभाजी खात होतो. तिथेच एकदा तो कार्बन पेपर न्यायला आला. माझ्या तोंडात घास.

"जेव, जेव," तो म्हणाला. "सावकाश. ठसका लागंल."

कार्बन घेतला आणि जाताना दार ओढून घेतलं.

त्याने कुणाला सांगितलं नाही. कामात तसूभर फरक नाही. फक्त डबा तो मागच्या पायरीवर नेऊन खाऊ लागला. माझ्या आईला चाललं नसतं, अशी मी वर्षानुवर्षं मनाची समजूत घातली. पण आई काही ऑफिसात बसलेली नव्हती. किळस माझीच होती. आता पावाशिवाय माझा सकाळचा चहा होत नाही, हेही सांगून टाकतो.

एकदाच धीर केला. ईस्टर नुकताच झाला होता, म्हणजे त्यांचे उपासाचे दिवस सरले होते. पायरीवर त्याच्या शेजारी जाऊन बसलो. डब्यातल्या तळलेल्या बोंबलांचा वास येत होता.

"आज मलाही दे की थोडा पाव," मी म्हणालो.

त्याने डब्यावर झाकण ठेवलं. मोडलेला पाव अजून हातातच होता.

"आज माझा उपास हाय," तो म्हणाला.