उरलेल्या गोळ्यांचा डबा

कुंभकोणमच्या आमच्या घरात अवघड गोष्टी मराठीत बोलतात. सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, घराणं तंजावर दरबाराच्या काळापासून इथलं. बाहेरचा सगळा कारभार तमिळमध्ये, पण भाजीवाल्यासमोर त्याच्याच वांग्यांना नावं ठेवायची तर खुशाल मराठीत, तेही मोठ्याने. कुणाला कळतंय? मी नाशिकहून आलेली सून. मला सुरुवातीला घामच फुटायचा.

माझ्या मुलीचं लग्न तोंडावर आलं आणि आईंची लघवीची जळजळ पुन्हा उपटली. त्यावर त्यांचा हुकमी उपाय म्हणजे विड्याच्या तबकाशेजारचा स्टीलचा डबा. घरात कुणाचीही अँटिबायोटिकची गोळी उरली की ती डब्यात. जळजळ थांबली की गोळी बंद, उरलेल्या पुढच्या खेपेला. पट्टीश्वरमला दिलेली नणंदही त्यातूनच न्यायची. या खेपेला मात्र डब्याने हात टेकले. आई धड जेवायला बसू शकेनात, सारख्या उठायच्या.

आईंना तमिळ माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं येतं, पण मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा त्यांनी तोंडाला कुलूप लावलं आणि मला मराठीत बजावलं, "अगे, मी मात्रा घेतलें म्हणून सांगूं नकोस." गोळीला त्या मात्रा म्हणतात. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सगळं सांगून टाकलं, डब्यासकट. टेबलाखालून असा चिमटा बसला की बस्स.

लघवी तपासायला गेली. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी प्रयोगशाळेतल्या बशीचा फोटो दाखवला. जंतूंच्या सायीवर औषधांच्या टिकल्या ठेवलेल्या, आणि जंतू बहुतेक टिकल्यांना खेटून सुखाने वाढलेले. अर्धवट गोळ्यांनी दर वेळी लेचेपेचे मेले, चिवट तेवढे उरले, असं त्यांनी समजावलं. एकाच टिकलीभोवती स्वच्छ रिंगण होतं. त्या औषधाची गोळी जुनी, मधे वापरातून मागे पडलेली. तिने भागलं नाही तर दवाखान्यात राहून इंजेक्शनं घ्यायची.

"मला नातीचं लग्न बघायचंय," आई म्हणाल्या. हे मात्र थेट तमिळमध्ये.

गोळी जेवल्यावर घ्यायची होती. लघवी गडद झाली तरी घाबरायचं नव्हतं. जळजळ लवकरच थांबली आणि आईंचा हात सवयीने डब्याकडे वळला. मी टक लावून बघत होते. "बघतेस काय, घेतें की!" म्हणत त्यांनी गोळी गिळली. शेवटची संपली त्या दिवशी त्यांनी डबा घासून त्यात सुपारी भरली. मला इतका आनंद झाला की मी साखरभात केला.

लग्नात आई पहिल्या रांगेत. नादस्वरम् ऐन रंगात असताना नणंद येऊन कानाशी लागली. तिलाही जळजळ होत होती, डबा आणलाय का? त्या गलबल्यात आई नेहमीसारख्या मराठीत गरजल्या, "मात्रा नाहींत! आधीं मूत तपासून घे!"

नवरामुलगा पुण्याचा. अर्धा मांडव पुण्याचा!

वरपक्षाच्या माना एकदम वळल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आई क्षणभर लाजल्या, मग पदर तोंडाला लावून खदखदून हसल्या. तेवढ्यात मुलाची आजी, सकाळपासून गंभीर चेहऱ्याने बसलेली, खुर्ची ओढत त्यांच्याजवळ आली.

"अहो," तिने हळूच विचारलं, "तुम्हालाही व्हायचं का?"

अक्षता पडेपर्यंत दोघींचं तेच चाललं होतं. आणि त्या सबंध लग्नात आई जागेवरून एकदाही उठल्या नाहीत.