घनश्यामची आरोळी

मुकुटबनच्या पलीकडं दोन कोसांवर घनश्याम ढवसचं गाव आहे. भंडाऱ्याची पंगत बसवायची असो की पोळ्याला बैल रांगेत लावायचे असोत, गावाला माइक लागत नाही. घनश्यामनं एका जागी उभं राहून हाक दिली की ती शेवटच्या घरापर्यंत पोचते. सहा एकरांत कापूस आणि तूर, बायको इंदुताई आणि दहा वर्षांची मुलगी समीक्षा, एवढा त्याचा संसार.

दोन वर्षांपूर्वी वेचणीच्या दिवसांत त्याच्या वावरात वाघ आला. सकाळी वेचायला बाया यायच्या होत्या, घनश्याम एकटाच कापसाच्या पऱ्हाटीत वाकलेला होता. मान वर केली तर पंधरा हातांवर वाघ! काही वेळानं बाया पोचल्या तेव्हा घनश्याम धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसला होता आणि मातीत हा एवढा मोठा पंजा उमटला होता.

"तुमी वरडले असान, म्हणून पळाला!" एक बाई म्हणाली.

घनश्यामनं नुसती होकाराची मान हलवली. बस, तेवढंच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की घनश्यामनं अशी आरोळी ठोकली, वाघ शेपूट घालून नाल्यापार गेला.

खरं असं होतं की त्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटलाच नाही. वाघानं त्याच्याकडं पाहिलं आणि कंटाळल्यासारखा वळून तुरीत शिरला.

एका मान हलवण्यापायी घनश्याम अडकला. त्या दिवसापासून तो आधी आत जाऊन आरोळी ठोकल्याशिवाय एकही बाई वावरात पाय टाकेना. शेजारचे लोकही बोलावू लागले, "घनश्यामभाऊ, आमच्या वावरात एक चक्कर मारून द्या." दोन हिवाळे तो रोज सकाळी सगळ्यांच्या पुढं चालत राहिला. तुरीकडं बघायचीही त्याला भीती वाटायची. आरोळी मात्र ठोकायचा. बाया हसत मागून यायच्या, आणि त्या हसण्यानं त्याला अजूनच चोरट्यासारखं वाटायचं.

या हिवाळ्यात गोंदियाला इंदुताईच्या भाचीचं लग्न होतं. परतीच्या गाडीनं तिघं सकाळी दहाला नागपुरात उतरले. घराकडची, पांढरकवड्याची बस तीनला होती. पाच तास हाताशी होते आणि समीक्षानं नागपूर कधी पाहिलं नव्हतं. सामान स्टेशनवर ठेवून तिघं मेट्रोत बसले. समीक्षा काचेला नाक लावून खालची वाहनं मोजत होती. सीताबर्डीला उतरल्यावर तिनं विचारलं, "बाबा, महाराजबागेत वाघ असते म्हनते. पाहू ना!"

"आपल्याकडं कमी हायेत का वाघ?" घनश्याम म्हणाला.

"फुटाळा तलावावर जाऊ," इंदुताईही घाईघाईनं बोलली. "वाघ कायले पाह्यचा?"

पण पोरगी हटून बसली.

महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात वाघ सावलीत पडला होता. जाळीपुढं बरीच गर्दी होती. समीक्षानं बाजूच्या एका अनोळखी कुटुंबाला अभिमानानं सांगितलं, "माह्या बाबांनी खरा वाघ पळवला! नुसतं वरडून!"

"खरंच? सांगा ना भाऊ, कसं झालं ते," त्यातला माणूस कौतुकानं म्हणाला. चारपाच जण वळून पाहू लागले.

तेवढ्यात वाघ उठला, अंग ताणून सरळ जाळीकडं आला आणि थांबला. मधे लोखंडी जाळी होती, खंदक होता, हे घनश्यामला कळत होतं. पायांना कळेना. तो गर्दीतून बाहेर पडला आणि कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसला.

समीक्षाला समोरच हरणांपाशी उभं करून इंदुताई त्याच्याजवळ आली. "काय झालं? चक्कर आली?"

"इंदू, मी वरडलो नोतो."

"कवा?"

"त्या दिवशी. वाघापुढं. आवाजच निंगाला नाई माह्या तोंडातून. तो आपल्या मनानं गेला. दोन वर्सं झाले, मी खोटा मिरवून राह्यलो."

इंदुताईनं पाण्याची बाटली उघडून त्याच्या हातात दिली. मग हळूच म्हणाली, "मले मालूम हाये."

"कसं काय?"

"मी तिथंच होती. तुमचा डबा घेऊन येत होती. धुऱ्यावरून वाघ मले तुमच्या आंधी दिसला. तुमाले हाक माराले पाह्यजे होती. तोंड उघडलं, पन आवाज नाई. बाभळीमांगं बसून राह्यली मी. तो गेल्यावर घरी पळाली, अन् मंग बायांसंगं नव्यानं आली. तो तुमच्यावर झपटला असता, तर मी नुसती पाहत राह्यली असती."

दोन वर्षं एका घरात, एका चुलीपाशी, दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते. घनश्यामला आधी रडू आल्यासारखं झालं, मग हसूच फुटलं. "म्हंजे आपन दोघंबी?"

"दोघंबी," ती डोळे पुसत म्हणाली, आणि तीही हसू लागली. घनश्यामनं लांब श्वास सोडला. डोक्यावरचं गाठोडं कुणीतरी हात देऊन खाली उतरवलं, तसं त्याला वाटलं.

आईबाप हसताना पाहून समीक्षा धावत आली. घनश्यामनं तिलाही सांगून टाकलं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"भेव लागत होतं, तं रोज समोर काहून जात होते मंग?"

"मी आंधी आत गेलो नाई, तं बाया बाहेरच थांबून राह्यतात ना पोरी."

"मले सांगाचं ना. मी संगं आली असती, थाळी वाजवत!"

मग तिघं परत जाळीपाशी गेले. वाघ पुन्हा पडला होता. घनश्याम निवांत उभा राहून म्हणाला, "केवढा मोठा हाये बापा!" त्यानंतर ते फुटाळा तलावावर गेले, गरम भजी खाल्ली, समीक्षानं आग्रहानं तिघांचा फोटो काढून घेतला. बसमध्ये घनश्यामला अशी झोप लागली की हिंगणघाट कधी मागं पडलं, त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर बाया जमल्या तेव्हा त्यानं सगळं खरं सांगितलं. त्यांतली पुष्पा पदर तोंडाला लावून हसली. "अन् आमी दोन वर्सं कोनाच्या भरवशावर आत जात होतो, भाऊ?"

"माह्या नाईच," घनश्याम म्हणाला.

बायांतल्या म्हाताऱ्या प्रभावतीबाईला मात्र हसू आलं नाही. "भेत होता अन् तरी रोज पुढं गेला तू," ती म्हणाली. "आता एकटा जाऊ नको. सारे मिळून जाऊ."

तेव्हापासून सगळे एकत्रच वावरात उतरतात. वाजवायला कुणाकडं थाळी, कुणाकडं पत्र्याचा डबा. त्या हंगामात दोनदा पंजे दिसले. दोन्ही वेळा घनश्याम सरळ म्हणाला, "मले भेव लागून राह्यलं, चला घरी." वनखात्याला फोन केला, वेचणी बंद ठेवली, आणि भर दुपारी सगळ्यांनी प्रभावतीबाईच्या अंगणात बसून चहा घेतला.