आडातलं स्तोत्र

ओल्या अंबाडीच्या दोराचा वास आला की अजून माझे तळहात घामेजतात.

निजामाच्या राज्यातलं आमचं धारूर. त्या उन्हाळ्यात आम्हा ख्रिस्ती लोकांच्या आडात वाटीनं भरण्यापुरतंच पाणी तळाला उरलं होतं. मायनं माझ्या कमरेला दोर बांधला आणि घागर देऊन मला आत सोडलं.

"भिऊ नको, लेकरा. रविवारी म्हणतो ते स्तोत्र म्हणत ऱ्हा," ती वरून म्हणाली. "मोठ्यानं म्हण. मला आयकू येऊ दे."

खाली गाळाचा कुबट वास होता आणि वर भाकरीएवढं आभाळ. देव माझा आसरा आहे, असं मी म्हणत होते आणि माझे दात वाजत होते. मग पायावरून काहीतरी गार सरपटत गेलं. घशातून शब्द फुटेना. स्तोत्रच थांबलं, आता देव कशाला लक्ष देतो, असं वाटून मी आणखीच गारठले.

तेवढ्यात दोर ताठ झाला.

वर आले तेव्हा मायचे तळहात सोलवटले होते.

"आवाज थांबला, म्हणून वढलं," एवढंच ती म्हणाली.

प्रार्थनेला शब्द सुचू नयेत असे दिवस पुढे पुष्कळ आले. तेव्हा मी गप्प बसते आणि कमरेशी आता नसलेला तो दोर चाचपते.